दोन धारा आणि मधले गिऱ्हाईक

19 जुलै 1950 रोजी कानपूरच्या धनकुट्टीतल्या रूपबिलास कंपनीचे सत्यदेव गुप्ता यांनी ट्रेडमार्क नोंदणीसाठी अर्ज केला. माल औषधाचा, नाव 'लक्ष्मणधारा'. हे नाव आपण 1923 पासून वापरतो आहोत आणि वर्षाला सरासरी 40,000 रुपयांचा माल खपतो, असे त्यांनी अर्जात म्हटले होते. अर्ज रीतसर जाहीर झाला आणि देहरादूनहून हरकत आली. हरकत घेणारी होती अमृतधारा फार्मसी. त्यांचे म्हणणे असे की आमची अमृतधारा शतकाच्या सुरुवातीपासून देशभर खपते, डोकेदुखी, जुलाब, बद्धकोष्ठ आणि इतर तक्रारींवर लोक ती घेतात. लक्ष्मणधाराही त्याच पठडीतले औषध. तेव्हा हे नाव म्हणजे आमच्या नावावर पोट भरण्याचा उद्योग आहे.

जुलाब आणि बद्धकोष्ठ या दोन्हींवर एकच बाटली कशी काय चालते, हे कोणी विचारले नाही. पुढे बारा वर्षे हा वाद चालला, रजिस्ट्रारकडून अलाहाबाद उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला, तरी कोणी विचारले नाही. ट्रेडमार्कच्या खटल्यात तो प्रश्न येतच नाही, म्हणून न्यायाधीशांना दोष देता येणार नाही. मग तो प्रश्न विचारण्याचे काम कोणाचे होते? इंग्रजी राजवटीतल्या 'सर्व रोगांवर एक औषध' या सगळ्या बाजाराचे मर्म मला या प्रश्नात दिसते, आणि त्यासाठी 1950 मधून पन्नास वर्षे मागे जावे लागते.

लाहोर

पंडित ठाकुरदत्त शर्मा यांनी लाहोरात हा व्यवसाय 1901 मध्ये सुरू केला. तेव्हा औषधाचे नाव होते 'अमृत की धारा'. 1903 मध्ये मधला 'की' गळून 'अमृतधारा' झाले. धंदा असा फोफावला की लाहोरात अमृतधारा भवन उभे राहिले, रस्त्याला अमृतधारा रोड म्हणू लागले आणि जाहिरातींतल्या पत्त्यात अमृतधारा पोस्ट ऑफिस छापून येऊ लागले. पंडितजींचे 'देशोपकारक' हे स्वतःचे उर्दू नियतकालिकही होते. औषध विकणाऱ्याने छापखाना हाताशी ठेवणे हे त्या काळी अगदी नेहमीचे. मुंबईत 1893 मध्ये अमृतांजन सुरू करणाऱ्या काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी 1908 मध्ये 'आंध्र पत्रिका' काढली होती. बाम आणि वर्तमानपत्र एकाच मालकाच्या हातात असले की जाहिरातीचा खर्च आणि जाहिरातीचे उत्पन्न एकाच वहीत जमा होते.

काळ मात्र भीतीचा होता. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्याच वर्षी तो पंजाबात शिरला आणि 1907 पर्यंत तिथे त्याने कहर केला. पटकी, म्हणजे कॉलरा, तर दर काही वर्षांनी ठरलेलीच. सरकारी दवाखाना असायचा तालुक्याच्या गावी, आणि प्लेगच्या दिवसांत सरकारी डॉक्टर म्हटले की लोकांना आधी घरझडती आणि सेग्रिगेशन कॅम्प, म्हणजे माणसांना घरापासून वेगळे ठेवण्याची छावणी, आठवायचा. वैद्याकडे जावे तर तो नाडी पाहणार, पथ्य सांगणार, काढा उकळायला लावणार. या दोघांच्या मधली मोकळी जागा बाटलीने भरून काढली. बाटली प्रश्न विचारत नाही, पथ्य सांगत नाही, आणि रात्री दोन वाजता पोटात कळ आली तरी फळीवर हजर असते.

ती फळीपर्यंत पोचवली टपालखात्याने. हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले 1879 मध्ये, किंमत पाव आणा. त्याच्या दोन वर्षे आधी, 1877 मध्ये, व्ही.पी. सुरू झाली होती, म्हणजे पुडके देताना पोस्टमननेच मालाचे पैसे वसूल करण्याची सोय. या दोन सोयींनी औषधाच्या धंद्याचे रूपच पालटले. सांगली-मिरजेकडच्या एखाद्या शाळामास्तरने वर्तमानपत्रातली जाहिरात वाचायची, पाव आण्याच्या कार्डावर नाव, गाव, तालुका लिहून टाकायचे, आणि थोड्या दिवसांत पोस्टमन शिवलेले पुडके घेऊन दारात. पैसे मोजल्याशिवाय पुडके हातात मिळत नसे. म्हणजे गिऱ्हाईक आधी पैसे देई आणि मग उघडून पाही. दुकानदार समोर नाही, तेव्हा भांडण्याची सोय नाही. वैद्य समोर नाही, तेव्हा रोग कोणता हे गिऱ्हाइकाने स्वतःच ठरवायचे, आणि ते ठरवायला मदत करणार जाहिरात.

मराठी वाचकाला हा माल अनोळखी नव्हता. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, मथुरेचे सुधासिंधू, मुंबईचे डोंगरे बालामृत ही नावे आपल्याकडेही घरोघरी पोचली होती. 'नकली मालापासून सावध राहा', 'टपालखर्च निराळा', 'एजंट पाहिजेत' ही त्या जाहिरातींची ठराविक ओळख. राष्ट्रीय बाण्याची वर्तमानपत्रेही याच पैशावर तगून होती. पुढच्या पानावर अग्रलेखातून सरकारवर आसूड आणि मागच्या पानावर धातुपुष्टीच्या गोळ्या, असा तो संसार. संपादकांना दांभिक म्हणणे सोपे आहे. पण मोठ्या विलायती कंपन्यांच्या जाहिराती इंग्रजी पत्रांकडे अधिक जात, आणि देशी पत्रे नुसत्या वर्गणीवर चालवणे अवघड होते, हेही लक्षात घ्यायला हवे.

आधीचा नमुना

देशी औषधवाल्यांनी हे तंत्र आकाशातून आणले नाही. त्यांच्यासमोर विलायती नमुना तयार होता, आणि तो हिंदुस्थानातच जन्मला होता. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेतला डॉक्टर जॉन कॉलिस ब्राऊन याने 1848 च्या सुमारास पटकीवर म्हणून 'क्लोरोडाइन' तयार केले. अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क, असा तो ऐवज. 1856 मध्ये ते विकण्याचे हक्क लंडनच्या डेव्हनपोर्ट या औषधविक्रेत्याने घेतले. नकला सुरू झाल्या, फ्रीमन नावाच्या एका औषधविक्याने क्लोरोडाइनचा शोध आपलाच असल्याचे सांगितले, आणि 1864 मध्ये प्रकरण कोर्टात गेले. न्यायमूर्ती पेज वुड यांनी ब्राऊन हाच मूळ शोधक असल्याचे म्हटले.

गंमत पुढे आहे. ते वाक्य डेव्हनपोर्टने उचलले आणि नंतर कित्येक वर्षे जाहिरातीत छापले. शोधक कोण एवढेच कोर्टाने सांगितले होते. वाचणाऱ्याने त्यातून घेतले की औषध खरे आहे असे कोर्ट म्हणते. पटकीत अफूने आतड्याची हालचाल मंदावते, पण आतड्यात पाणी झिरपणे थांबत नाही. रोगी दोनदा कमी उठतो आणि आतल्या आत सुकत जातो. त्याचा कोर्टाशी संबंध नव्हता.

'पेटंट मेडिसिन' हा शब्दही असाच फसवा. पेटंट घ्यायचे तर कृती सरकारदरबारी उघड करावी लागते, ठराविक वर्षांनी हक्क संपतो आणि मग कोणीही तो माल करू शकतो. हिंदुस्थानात 1856 पासून शोधांच्या हक्कांचे कायदे होते, 1911 मध्ये पेटंट आणि डिझाइन कायदा आला. पण सर्वरोगहारी बाटली विकणाऱ्याला कृती उघड करण्यात काडीचा रस नसे. त्याला कृती गुप्त हवी होती आणि नाव कायमचे हवे होते. 1940 पर्यंत ट्रेडमार्क नोंदण्याचा कायदाच इथे नव्हता. मालकीचे जाहीरनामे रजिस्ट्रेशन कायद्याखाली दाखल करून लोक वेळ भागवत, आणि त्या कागदाच्या जोरावर बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'रजिस्टर्ड' छापत. सरकारने औषध तपासले आहे असे वाचणाऱ्याला वाटले तर विक्रेत्याची हरकत नसे.

बाटलीच्या आत

ठाकुरदत्त शर्मांनी आपली कृती विक्रीचे गुपित म्हणून ठेवली. पण अमृतधारा या नावाने घराघरांत आणि वैद्यांकडे जे औषध बनू लागले, त्यात तीन जिन्नस: कापूर, पुदिन्याचे फूल म्हणजे मेन्थॉल, आणि ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल. तिन्ही साधारण समभाग.

हे औषध बनताना पाहण्यासारखे असते. कोरडा खल घ्यायचा, ओलावा अजिबात नको. आधी कापराचे खडे, त्यावर मेन्थॉलच्या काचेसारख्या लांब काड्या, आणि ओव्याचे फूल. बत्ता फिरवायला लागले की पहिल्या काही फेऱ्यांत नुसता करकर आवाज येतो. मग भुकटी खलाच्या कडेला चिकटू लागते, चिकटता चिकटता ओलसर दिसते, आणि थोड्याच वेळात खलाच्या तळाशी स्वच्छ, तेलकट पाणी जमते. एक थेंब पाणी घातलेले नसते की विस्तव लावलेला नसतो. मेन्थॉल वितळायला 42 अंशांच्या आसपास उष्णता लागते, थायमॉलला 50 च्या जवळ, आणि कापराला तर 175 च्या वर. तरी तिघे एकत्र घोटले की खोलीच्या उष्णतेतच पातळ होतात, कारण एकाचे रेणू दुसऱ्याच्या स्फटिकाची घडी बसू देत नाहीत आणि मिश्रणाचा वितळणबिंदू खाली घसरतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो चमत्कारच वाटणार.

आणि दुसरा चमत्कार जिभेवर. बत्ताशावर दोन थेंब टाकून तोंडात धरले की क्षणात गार वाटते, मग घशातून पोटापर्यंत ऊब उतरते, नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, प्रत्यक्षात तापमान बदलत नाही. कपाळावर लावले तर डोके हलके वाटते. पुदिन्याचा अंश आतड्याच्या स्नायूंची पकड सैल करतो, त्यामुळे गॅसची कळ खरोखर कमी होते. थायमॉल जंतुनाशक आहे. त्या काळात डॉक्टर मंडळी अंकुशकृमींवर ते देतच होती. तेव्हा बाटलीत काहीच नव्हते असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. बाटलीत तीन कामाची द्रव्ये होती, आणि त्यांचा परिणाम मिनिटभरात कळत होता. काढा तीन दिवस पिऊन काय फरक पडला ते सांगता येत नाही. अमृतधारेचे तसे नव्हते.

सर्वरोगहारी दाव्याची ताकद नेमकी इथे आहे. औषध 'लागू पडले' हे शरीर स्वतः सांगते. आता कपाळ दुखणे काय, साधे ढाळ काय, आपोआपही थांबतात. मधे दोन थेंब पडले असले की श्रेय थेंबांना. ज्याला खरी पटकी झाली होती आणि जो दुसऱ्या दिवशी गेला, त्याचे प्रशस्तिपत्र लाहोरला जाणार नव्हते.

पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. लिओनार्ड रॉजर्स कलकत्त्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिरेतून मिठाचे तीव्र पाणी देत होता आणि त्याने मृत्यूंचे प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आणले. तेव्हा उपाय होता, पण तो सुई, काचेची नळी आणि शिकलेला माणूस मागणारा होता. व्ही.पी.ने तो मागवता येत नव्हता.

प्रमाणाचाही मुद्दा आहे, आणि तो आजही लागू आहे. तीन थेंबांत कापूर जेमतेम 50 मिलिग्रॅम जातो. पण पाच मिलिलिटरचा एक चमचा भरून घेतला तर दीड ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्या कापराने लहान मुलाला झटके येऊ शकतात. 'लहानथोर सर्वांना निर्धोक' हे शब्द जाहिरातीत शोभतात. पाळण्यातल्या मुलाच्या नाकाखाली लावायला ही वस्तू नव्हे.

स्वदेशी कितपत?

1905 च्या स्वदेशी चळवळीनंतर देशी बाटलीला नवे तेज चढले. विलायती क्लोरोडाइन, बीचम्स पिल्स, हॉलोवेच्या गोळ्या टाकून देशी औषध घ्या, असे म्हणणे आता देशकार्य होते. पण बाजारातल्या कच्च्या मालाकडे पाहिले तर चित्र थोडे विस्कटते. त्या वेळी जगाला मेन्थॉल पुरवणारा मुख्य देश जपान होता. कापूर बहुतांशी जपानच्या ताब्यातल्या फोर्मोसाचा, म्हणजे आजच्या तैवानचा, ज्यावर 1899 पासून सरकारी मक्तेदारी होती. ओवा आपला, पण तो पोत्यांनी जर्मनीला जाई आणि तिथे त्याचे थायमॉल होऊन परत येई. पहिल्या महायुद्धाने ही वाट बंद झाली तेव्हा इथे थायमॉल काढायला सुरुवात झाली. मेन्थॉल देणाऱ्या जपानी पुदिन्याची लागवड आपल्याकडे रुजली ती थेट 1950 च्या दशकात. नाव संस्कृत, वैद्य पंजाबी, बाटलीतला ऐवज मात्र तीन बंदरांतून फिरून आलेला.

दुसरी वाट नव्हती असेही नाही. योगायोगाने त्याच 1901 मध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगॉल केमिकलची कंपनी म्हणून नोंदणी झाली. त्यांचे अतिशय खपलेले औषध होते 'अ‍ॅक्वा टायकोटिस', म्हणजे ओव्याचा अर्क. वस्तू तीच, पोटासाठीच. पण नावातच जिन्नस काय ते सांगितलेले, वाशाच्या म्हणजे अडुळशाच्या सरबताचेही तसेच. रायबाबूंना वाटत होते की देशी वनस्पतींना औषधकोशात जागा मिळाली पाहिजे, आणि ती गुपिताने मिळत नाही. खप दोघांचाही झाला. पण गुपित आणि नाव यांचा मार्ग सोपा होता, भांडवल कमी लागत होते, प्रयोगशाळा लागत नव्हती, म्हणून देशभर शेकडो जणांनी तोच धरला. त्यांपैकी एक जण कानपूरचा.

सरकार काय करत होते

जवळजवळ काही नाही. विलायतेत ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 मध्ये अशा औषधांचे पृथक्करण करून छापले होते. बीचमच्या गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला, आणि एक शिलिंग दीड पेनीच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. अमेरिकेत 1906 मध्ये कायदा झाला. हिंदुस्थानात मात्र औषधांवर देशव्यापी कायदाच नव्हता. मुंबई इलाख्यात 1912 मध्ये डॉक्टरांची नोंदणी आली, पण ती डॉक्टर कोण हे ठरवणारी होती, औषध काय हे ठरवणारी नव्हे.

1927 मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय कायदेमंडळाच्या वरच्या सभागृहात, औषधांच्या सुळसुळाटावर ठराव झाला. 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. भेसळीचे क्विनीन, कमी ताकदीची औषधे, गुप्त नुस्ख्यांची गर्दी, सगळे त्यात होते. त्यावर कायदा झाला तो 1940 मध्ये, आणि नियम होऊन प्रत्यक्ष अंमल सुरू व्हायला 1947 उजाडले. या कायद्याने गुप्त औषधांना घटक सांगायला लावले खरे. पण 'औषध' या शब्दाच्या व्याख्येतून आयुर्वेदिक आणि युनानी पद्धतीची औषधे बाहेर ठेवली.

त्याला कारणे होती. वैद्य-हकिमांना वाटत होते की परक्या शास्त्राच्या मापाने आपले औषध मोजले जाणार; आणि ती भीती निराधार नव्हती, कारण सरकारी वैद्यकखाते त्यांना बरोबरीचे मानतच नव्हते. पण या सवलतीचा फायदा जितका खऱ्या वैद्याला झाला तितकाच, किंबहुना जास्त, ग्रंथाशी संबंध नसलेल्या नव्या बाटल्यांना झाला. मेन्थॉलच्या काड्या चरकाने पाहिल्या नव्हत्या.

त्याच 1940 मध्ये दुसरा एक कायदा झाला, ट्रेडमार्कचा. त्याची नोंदणी 1942 पासून सुरू झाली. त्याच वर्षी अमृतधारेचा धंदा लिमिटेड कंपनीच्या हाती गेला. 1947 ला लाहोर सुटले, अमृतधारा भवन आणि अमृतधारा रोड पलीकडे राहिले, आणि कंपनी देहरादूनला आली. यंत्रे, इमारत, जमीन मागे टाकून येणाऱ्या धंद्यासोबत येऊ शकणारी मोठी मालमत्ता म्हणजे नाव. हे लक्षात घेतले की तीन वर्षांनी कानपूरच्या अर्जावर त्यांनी इतक्या ईर्ष्येने हरकत का घेतली ते कळते.

खटला

रजिस्ट्रारपुढे दोन प्रश्न होते. नावे इतकी सारखी आहेत का की गिऱ्हाईक फसेल? आणि असतील, तरी लक्ष्मणधारा इतकी वर्षे खुलेपणाने विकली जात असताना अमृतधारावाले गप्प का बसले? पहिल्या प्रश्नावर रजिस्ट्रारचे मत हरकतदारांच्या बाजूने पडले. दुसऱ्यावर मात्र अर्जदाराच्या. नाव 1923 पासून उघड वापरात होते, जाहिराती होत होत्या, आणि समोरच्याला हे माहीत असूनही त्याने कधी अडवले नव्हते. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला: लक्ष्मणधारेची नोंदणी होईल, पण फक्त उत्तर प्रदेशातल्या विक्रीपुरती. हा तोडगा दोघांनाही पटला नाही आणि दोघेही अलाहाबादला अपिलात गेले.

उच्च न्यायालयाने शब्दांची फोड केली. एक अमृताची धारा, दुसरी लक्ष्मणाची धारा. हिंदुस्थानी माणूस या दोहोंत गल्लत करणार नाही. सबब सारखेपणाच नाही, आणि नोंदणीवर प्रदेशाची मर्यादाही नको.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 27 एप्रिल 1962 चा, लिहिला न्यायमूर्ती एस. के. दास यांनी. त्यात त्यांनी गिऱ्हाइकाचे जे चित्र काढले आहे ते मला या सबंध प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. औषध घ्यायला आलेला माणूस शब्दाची व्युत्पत्ती करत बसत नाही. तो साधारण बुद्धीचा, बेसावध माणूस आहे. मागे कधीतरी असेच एक औषध घेतले होते, किंवा कोणी सांगितले होते, एवढी अंधुक आठवण घेऊन तो दुकानात येतो. नावाचा एकंदर घाट आणि उच्चार त्याच्या कानात असतो. अशा माणसाला 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' यांत गोंधळ होण्याचा संभव आहे. उच्च न्यायालयाने शब्द समोरासमोर ठेवून पाहिले. गिऱ्हाइकासमोर एका वेळी एकच बाटली असते.

व्ही.पी.च्या जमान्यातला तो पाव आण्याचे कार्ड टाकणारा मास्तर आणि हा दुकानातला बेसावध माणूस एकाच घरातले. जाहिरातवाल्यांनी साठ वर्षे ज्याच्या अंधुक आठवणीवर, कानावर आणि घाईवर धंदा केला, त्याला न्यायालयाने आता नेमके ओळखले, तेही एका जाहिरातवाल्याला दुसऱ्यापासून वाचवताना. निकालात त्याची फसवणूक मोजली गेली ती 'ही' बाटली मागून 'ती' हातात पडण्याइतकीच. दोन्ही बाटल्यांत जवळपास एकच माल असेल तर त्या माणसाचे नेमके काय नुकसान झाले, हा प्रश्न या कायद्याच्या चौकटीत बसत नाही. कानपूरच्या अर्जदाराने आपल्या मालाला 'बायोकेमिक' औषध म्हटले होते; बायोकेमिक ही क्षारांच्या सूक्ष्म मात्रा देणारी, जर्मनीतून आलेली निराळीच पद्धत. आयुर्वेदिक नावाची, अमृतधारेच्या वळणाची, बायोकेमिक बाटली. त्यावरही कोणी थबकले नाही.

शेवट रजिस्ट्रारच्या तोडग्यावरच झाला. नावे फसवण्याइतकी सारखी आहेत, पण एकाच वेळचा प्रामाणिक वापर आणि प्रतिपक्षाचे मौन या विशेष कारणांमुळे लक्ष्मणधारेची नोंदणी कायम, मात्र उत्तर प्रदेशच्या हद्दीत. ट्रेडमार्कच्या वकिलांना हा निकाल आजही तोंडपाठ असतो, आणि औषधांच्या नावांवरून भांडणे लागली की तो हमखास वाचला जातो.

औषधाचा प्रश्न दुसऱ्या दाराने आला, तोही हळूहळू. 1954 मध्ये औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर कायदा झाला. ठराविक रोग बरे करण्याची जाहिरात करणे गुन्हा ठरले. हमदर्द दवाखाना या युनानी औषधे करणाऱ्या संस्थेने त्याला आव्हान दिले, पण अशी जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे, धंदा आहे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक कायदा उचलून धरला. तो निकाल अमृतधारेच्या निकालाच्या थोडाच आधीचा. आयुर्वेदिक आणि युनानी औषधे 1940 च्या कायद्याच्या कक्षेत आली ती 1964 च्या दुरुस्तीने. त्यानंतरच्या नियमांत लेबलवर घटक छापणे आले. आज कोणत्याही औषधाच्या दुकानातली अमृतधारेच्या जातीची बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचली तर कापूर, पुदिना सत्त्व, ओवा सत्त्व असे लिहिलेले सापडते, आणि पुढच्या बाजूला अजूनही तक्रारींची यादी असते.